मोटारीची पारख

माळेगांवची यात्रा ज्यांनीं पाहिली आहे त्यांस जनावर कसें पारखून घ्यावें हें निराळें शिकवावें लागत नाहीं. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, लोहा तालुक्यांत, खंडोबाचें हें गांव आहे. मार्गशीर्षांत तेथें घोडे, उंट, गाढवें आणि बैल यांचा मोठा बाजार भरतो. जाणतें गिऱ्हाईक घोड्याचे दांत पाहतें, खूर उचलून पाहतें, आणि मग स्वार होऊन त्याची चाल पाहतें. लालकंधारी किंवा देवणी बैल असला तर त्यास जुंपून चालविल्यावांचून सौदा पुरा होत नाहीं. गळ्यांतील घुंगरमाळ आणि रंगविलेलीं शिंगें एवढ्यावर भुलून पैसे मोजणारास लोक हंसतात.

परंतु याच मुलखांतील मनुष्य जेव्हां पन्नास-साठ लाखांची मोटार घ्यावयास निघतो, तेव्हां शहरांतील गुळगुळीत रस्त्यावर वीस मिनिटांची एक फेरी मारून तो समाधान पावतो. बैलास दिला त्याच्या निम्माही वेळ मोटारीस मिळत नाहीं. ज्या गाडींत आपलीं मुलेंबाळें बसावयाचीं तिची परीक्षा कशी करावी, आणि त्या परीक्षेच्या मुळाशीं कोणतें शास्त्र आहे, हें येथें सांगावयाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस अठरा वर्षें पुरीं झालेलीं नाहींत. सबब मोटारीचें चाक त्यांच्या हातीं येणार नाहीं व येऊंही नये. अल्पवयी मुलानें मोटार हांकून गुन्हा केल्यास पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९ सालच्या दुरुस्तीनें कायद्यांत झाली आहे. तथापि मागच्या आसनावर बसून परीक्षा पाहण्यास आणि प्रश्न विचारण्यास वयाची अट नाहीं.

प्रथम ही गाडी कोणत्या जातीची तें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यासाठीं जीप निघाली, आणि १९४० नंतरच्या त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईस तिची जुळणी सुरू केली. उंच बांधणी, चारही चाकांस शक्ति, आणि आरामाच्या नांवानें पूज्य, असें तिचें स्वरूप होतें. १९७० सालीं इंग्लंडांत रेंज रोव्हर निघाली, तेव्हां या उंच गाडींत बसणारास थोडें सुख मिळूं लागलें. पुढें १९९९ सालीं बीएमडब्ल्यूची एक्स-फाइव्ह व २००२ सालीं पोर्शची केयेन या गाड्या आल्या, आणि जीपची उंची, दिवाणखान्याचा आराम व शर्यतीच्या गाडीची चपळाई या तिन्ही गोष्टी एकाच गाडींत देऊं, असें कारखानदार म्हणूं लागले. इंग्रजी आद्याक्षरांवरून या जातीस एसयूव्ही म्हणतात, आणि तिच्यांतील मध्यम आकाराच्या, ऐषआरामी पण चपळ अशा गाडीविषयीं आपण बोलत आहों.

मराठवाड्यास ही गाडी अगदींच परकी नाहीं. तेव्हांच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, शेंद्रें येथें स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ सालापासून चालू झाला. त्याच समूहांतील ऑडी कंपनीच्या क्यू-फाइव्ह या गाडीची जुळणीही पुढें तेथेंच होऊं लागली. २०१० च्या ऑक्टोबरांत त्याच शहरांतील उद्योजकांच्या एका समूहानें एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या, ही बातमी तेव्हां देशभर गाजली. सारांश, जुळणारे हातही मराठवाड्याचे आणि घेणारे हातही मराठवाड्याचे, असा योग जमलेला आहे. पारखणारे डोळे मात्र अजून तयार व्हावयाचे आहेत.

उदाहरणादाखल क्यू-फाइव्हच घ्या. २०२१ च्या नोव्हेंबरांत तिची जी आवृत्ति भारतांत आली, तिच्या दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाची शक्ति २४९ अश्वशक्ति होती. स्थिर उभी असलेली ही गाडी सहा-साडेसहा सेकंदांत ताशीं १०० किलोमीटरांचा वेग गांठते. विक्रेता हीच गोष्ट प्रथम दाखवितो. मोकळा रस्ता पाहून तो म्हणतो, "साहेब, दाबा!" साहेब दाबतात, पाठ आसनास चिकटते, आणि परीक्षा संपली असें उभयतांस वाटतें. वस्तुतः पळणें ही या गाडीची सर्वांत सोपी विद्या होय. इतकें मोठें इंजिन बसविल्यावर ती पळणारच. थांबणें आणि वळणें या कठीण विद्या आहेत, आणि चपळ गाडी व नुसती दांडगी गाडी यांतला भेद तेथेंच कळतो.

वळण्याची गोष्ट आधीं पाहूं. कडब्यानें उंच भरलेली बैलगाडी वळणावर कशी कलते तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तीच गाडी धान्याच्या पोत्यांनीं भरली तर वजन अधिक असूनही इतकी कलत नाहीं. कारण, पोत्यांचा भार खालीं असतो, कडब्याचा वर. सबंध वजन ज्या एका बिंदूंत एकवटलें आहे असें मानतां येतें त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. हा बिंदु जितका वर, तितकी गाडी उलटण्यास सोपी. अमेरिकन सरकारचें वाहनसुरक्षा खातें यासाठीं एक साधा हिशेब करतें. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा भाग घ्यावा व त्यास गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. समजा, चाकांमधील अंतर १६० सेंटिमीटर आहे, निम्में ८०. ठेंगण्या मोटारीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरांवर असेल, तर उत्तर सुमारें १.४५ येतें. उंच गाडीचा ६८ सेंटिमीटरांवर असेल, तर १.१८ च्या आसपास येतें. त्या खात्याच्या मोजणींत साध्या मोटारी बहुधा १.३० ते १.५० यांच्या दरम्यान आणि उंच गाड्या १.०० ते १.३० यांच्या दरम्यान पडतात. आंकडा जितका लहान, तितकी सावधगिरी अधिक.

म्हणून उंची आणि चपळाई यांचें जन्मतः वैर आहे. कारखानदार तें वैर स्प्रिंगा ताठ करून, टायर रुंद घालून आणि विद्युत्यंत्रांचें साहाय्य घेऊन शमवितो. नाहींसें करूं शकत नाहीं. या साहाय्याचा इतिहास फार बोधप्रद आहे, आणि तो एका परीक्षाफेरींतूनच घडला. १९९७ च्या ऑक्टोबरांत स्वीडन देशांतील 'टेक्निकेन्स वार्ल्ड' या मोटारविषयक नियतकालिकाच्या परीक्षकांनीं मर्सिडीजची नवी ए-क्लास ही लहान पण उंच गाडी तपासण्यास घेतली. त्या देशांत मूस नांवाचें प्रचंड सांबर अकस्मात् रस्त्यावर येतें. म्हणून तेथील परीक्षक वेगांत असतांना गाडी एकदम डावीकडे व लगेच उजवीकडे वळवून पाहतात. या वळणांत ती नवी गाडी उलटली! जगभर बोभाटा झाला. कंपनीनें गाड्यांचें वांटप कांहीं काळ थांबविलें, स्प्रिंगा बदलल्या, आणि तोंवर मोठ्या, महाग गाड्यांसच मिळणारी ईएसपी ही स्थैर्यरक्षक यंत्रणा त्या लहान गाडींतही सर्रास बसविली. चालकानें चाक कोणत्या दिशेस फिरविलें आहे आणि गाडी प्रत्यक्षांत कोणत्या दिशेस चालली आहे, याची ही यंत्रणा क्षणोक्षणीं तुलना करते. दोहोंत फरक पडला कीं ती एकाच चाकास आपण होऊन ब्रेक लावते व गाडीस मार्गावर आणते. घसरत्या बैलजोडींतील एकाच बैलाचा कासरा ओढावा, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे मूस नाहीं. पण रोही आहे. पिकांतून निघून रस्ता ओलांडणारें रोह्यांचें खिल्लार, चुकलेली म्हैस, उलट्या बाजूनें येणारी दुचाकी, यांपैकीं कांहींतरी नांदेड-लातूर प्रवासांत भेटतेंच. तेव्हां स्वीडनमधील परीक्षेचें मर्म आम्हांस अगदीं लागू आहे. अर्थात् खरेदीदारानें ती परीक्षा रहदारीच्या रस्त्यावर करूं पाहणें हा शुद्ध वेडेपणा होय. तें काम अहिल्यानगर येथील सैनिकी वाहनसंशोधन संस्था व १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था, यांसारख्या ठिकाणीं तज्ज्ञ मंडळी बंदिस्त जागेंत करतात. मध्यप्रदेशांत पीथमपूर येथें यासाठीं ११.३ किलोमीटरांचा एक लंबवर्तुळ मार्ग २०२१ पासून खुला झाला आहे. आपल्या हातीं आहे तें एवढेंच. मोकळ्या आवारांत ताशीं तीस-चाळीसच्या वेगानें नागमोडी हांकावें, आणि गाडी प्रथम कलते व मग वळते, कीं कलणें-वळणें बरोबरच होतें, इकडे लक्ष द्यावें. मागें बसणारास हें चालकाहून आधीं कळतें, कारण त्याच्या हातांत धरावयास चाक नसतें.

आतां थांबण्याची गोष्ट. येथें गणित थोडें भयप्रद आहे, आणि तें प्रत्येकानें एकदां तरी स्वतः करून पाहावें. ताशीं १०० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें २८ मीटर. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्याचाही एक सेकंद जातो, म्हणजे २८ मीटर असेच गेले. पुढें उत्तम ब्रेक व कोरडा डांबरी रस्ता धरला तरी थांबण्यास आणखी ४९ मीटर लागतात. एकूण ७७. वेग निम्मा, म्हणजे ५० असेल, तर ब्रेकचें अंतर निम्में न होतां चौथा हिस्सा, म्हणजे सुमारें १२ मीटर होतें. कारण चालत्या पदार्थाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. उलट वेग १२० केला तर ब्रेकचें अंतर ७१ मीटर व एकूण १०४. दुसऱ्या रीतीनें सांगावयाचें तर, ताशीं १०० च्या वेगांत असलेली गाडी भिंतीवर आदळली, तर तो आघात ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजल्यांवरून, खालीं पडण्याइतका असतो. ही उंची गाडीच्या किंमतीवर मुळींच अवलंबून नाहीं.

या ७७ मीटरांशेजारीं आणखी एक आंकडा ठेवा. समोरच्यास त्रास होऊं नये म्हणून आपण जो खालचा झोत लावतों, त्यांत रस्ता साधारणपणें पन्नास-साठ मीटर दिसतो. म्हणजे रात्रीं ताशीं १०० नें जाणारा चालक, दिसत नाहीं अशा ठिकाणापर्यंतची जागा आधींच खर्च करून बसलेला असतो. गळिताचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मांजरा कारखान्याकडे म्हणा कीं आणखी कोणत्या कारखान्याकडे म्हणा, उंसानें ओसंडणाऱ्या ट्रॉल्या संध्याकाळपासून रस्त्यावर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांस मागचा दिवा नसतो, आणि असला तर तो उंसाच्या वाढ्यांत झांकलेला असतो. ट्रॅक्टरवाल्याचें त्यांत चुकतें हें खरें. पण त्याची चूक मोजावयास ज्या गाडींतलीं माणसें शिल्लक राहिलीं पाहिजेत, त्या गाडीची रात्रींची परीक्षा होणें अगत्याचें आहे. विक्रेता फेरी सकाळीं देतो. ती दिवेलागणीनंतर मागावी. दिव्यांचा झोत कोठवर जातो, डाव्या कडेचा पांढरा पट्टा कितपत दिसतो, समोरून ट्रक आला असतां झोत आपोआप खालीं होतो कीं नाहीं, या गोष्टी काळोखांतच कळतात.

ऐषआरामी गाडीचा एक दोष असा कीं, ती वेग लपवून ठेवते. कांचा जाड, इंजिन दूर कोठें गुणगुणतें आहे इतकाच आवाज, आणि आसन उंच. त्यामुळें रस्ता सावकाश सरकल्यासारखा भासतो. एका स्नेह्यांनीं अशी गाडी परीक्षेसाठीं नांदेडहून लातुरापर्यंत आणली तेव्हां प्रस्तुत लेखक बरोबर होता. अहमदपुराच्या पुढें मागें बसलेल्या त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, इतका हळू कां चालवतोस? अशानं पोहोंचायला दिवस मावळेल." त्या वेळीं कांटा शंभरास टेकला होता. केंद्र सरकारनें २०१८ सालीं दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गावर मोटारींस जी कमाल मर्यादा ठरविली ती हीच, आणि राज्य सरकार ती कमी करूं शकतें. आम्हांस तो प्रसंग कोणत्याही यंत्राच्या मोजणीपेक्षां उपयुक्त वाटला. परीक्षेच्या फेरींत शेजारच्या माणसास कांटा न पाहतां वेगाचा अंदाज सांगावयास लावावा. अंदाज आणि कांटा यांत जितकें अंतर, तितकी ती गाडी तिच्या मालकास पुढें फसविणार.

ज्या रस्त्यावर गाडीचें आयुष्य जावयाचें तोच परीक्षेस निवडावा, असें आम्ही म्हणतों त्याचें आणखी एक कारण आपल्या पायांखालीं आहे. मराठवाड्याची काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता, वर डांबर किती का चांगलें असेना, कांहीं वर्षांनीं लाटांसारखा होतो. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आतां बराचसा चौपदरी झाला आहे, आणि गोदावरीच्या खोऱ्यांतून बालाघाटाच्या पठारावर तो चढतो तो भाग हांकणारास आनंद देणारा आहे. परंतु महामार्ग सोडून एखाद्या खेड्याच्या वाटेस लागलें कीं गाडीची खरी जात उघडी पडते. चपळाईसाठीं ताठ केलेल्या स्प्रिंगा शहरांत सुखद वाटतात. लाटांच्या रस्त्यावर मागच्या आसनावरील वृद्ध माणसाचे हाल होतात. शिवाय विक्रेत्याच्या फेरींत दोनच माणसें असतात. घरचीं पांच माणसें आणि लग्नाचें सामान भरलें कीं मागचा भाग दबतो, पुढचा उचलतो, आणि उलाळ झालेल्या बैलगाडीसारखी तिची चाल बदलते. म्हणून परीक्षेस सर्वांनीं बसून जावें. विक्रेता कुरकुरेल; कुरकुरूं द्यावा.

टायरांकडे तर कोणी पाहतच नाहीं. टायरच्या अंगावर २३५/५५ आर १९ असें लिहिलेलें असतें. याचा अर्थ, टायर २३५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ५५, आणि आंतील धातूच्या चाकाचा व्यास १९ इंच. हिशेब केला तर भिंतीची उंची सुमारें १२९ मिलिमीटर भरते. कोणी हौसेनें २५५/४५ आर २० घातले तर ती ११५ मिलिमीटर होते. जुन्या पद्धतीच्या २१५/७५ आर १५ टायरची भिंत १६१ मिलिमीटर असते. रबराची ही भिंतच खड्ड्याचा पहिला धक्का खाते. ती जितकी आंखूड तितकी गाडी वळणांत नेमकी, आणि तितकेंच चाक खड्ड्यांत वांकण्याचें भय अधिक. मोठीं चकचकीत चाकें चित्रांत शोभतात. आमच्या मतें या मुलखांत तीं घेणें म्हणजे नांगरटीस शर्यतीचा घोडा जुंपणें होय.

चारही चाकांस शक्ति देणाऱ्या यंत्रणेविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. ती असली म्हणजे गाडी कोठेंही अडत नाहीं व कधीं घसरत नाहीं, असें लोक मानतात. ओल्या रस्त्यावर निघतांना व चढावर ती उपयोगी पडते हें खरें. परंतु ब्रेक चारचाकी शक्तीच्या व साध्या अशा दोन्ही गाड्यांत चारही चाकांसच असतात. त्यामुळें थांबण्याच्या अंतरांत त्या यंत्रणेनें एक वीतही कमी होत नाहीं. आणि काळ्या मातींत, पाऊस पडून गेल्यावर, रुळलेल्या टायरच्या खांचांत चिखल भरून टायर गुळगुळीत झाला, कीं चार चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. अशा वेळीं गांवचा ट्रॅक्टरच कामास येतो, हा अनुभव शेतकऱ्यांच्या मुलांस आम्ही सांगण्याची जरूर नाहीं.

धडकेनंतर गाडी माणसांस कितपत वांचविते याची परीक्षा गिऱ्हाइकास करतां येत नाहीं. त्यासाठीं १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तारांकनाची योजना सुरू झाली आहे. ज्या आवृत्तीची किंमत सांगितली जात आहे तिचीच परीक्षा झाली आहे काय, आणि तारे किती मिळाले, हें विचारावें. मागच्या मधल्या आसनासही पुरा पट्टा आहे कीं नाहीं तें स्वतः ओढून पाहावें. परीक्षेस निघण्यापूर्वीं चालकाजवळ परवाना, गाडीचे कागद आणि विमा हे तिन्ही असल्याची खात्री करावी. फेरींत अपघात झाला तर भरपाई कोणी द्यावयाची, हें विक्रेत्याकडून कागदावर घ्यावें.

शेवटीं मागचें दार उघडून तळाचें झांकण उचलावें. पुष्कळ महाग गाड्यांत तेथें पूर्ण आकाराचें जादा चाक नसतें. कृश अंगाचें, तात्पुरतें चाक असतें, आणि त्यावर ताशीं ८० किलोमीटरांहून अधिक वेगानें जाऊं नये असें लिहिलेलें असतें. कांहींत तेंही नसतें. हवा भरावयाचा पंप आणि छिद्र बुजविण्याच्या रसाची बाटली एवढेंच असतें. टायरची भिंत खड्ड्यांत फाटली तर त्या रसाचा कांहीं उपयोग नाहीं. तेव्हां विक्रेत्यास विचारावें कीं, चाकूर आणि अहमदपूर यांच्या मध्यें रात्रीं अकरा वाजतां टायर फाटला, तर तुमचा माणूस किती वेळांत येईल, व त्या मापाचा टायर लातुरांत मिळेल कीं पुण्याहून मागवावा लागेल? या प्रश्नाचें उत्तर घेऊन मगच किंमतीच्या बोलण्यास बसावें.